धाकट्याचा जॉइंट

मास्तरांनी हेडलाइटच्या डब्यातून लाल टेपचा एक बोळा ओढून काढला, नाकाजवळ नेऊन हुंगला आणि तोंड असं वाकडं केलं, की समोर उभ्या असलेल्या मुलीने नकळत आपल्या चपलेचा तळ तपासला.

“कुणाचं हे कर्तृत्व?”

“चौकातल्या मेकॅनिकने केलं होतं. मागच्या महिन्यात.”

“मेकॅनिक? त्याला बुटाची नाडी तरी बांधता येते का, विचार एकदा.”

हॉर्नच्या वायरीचा तो जॉइंट त्यांनी पकडीने दोन्ही बाजूंनी कापला. टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याची एक चिठ्ठी काढली, तिच्यावर वळणदार अक्षरात ‘चौकातला’ असं लिहिलं, दोऱ्याने ती त्या तुकड्याला बांधली आणि मागच्या भिंतीवरच्या फळीवर एका मोकळ्या खिळ्याला टांगली. मग दोन पावलं मागे सरून, नवीन कॅलेंडर लावल्यावर बघावं तसं बघितलं.

ती फळी म्हणजे मास्तरांच्या दुकानाची शान होती. काळा रंग दिलेली, माणसाच्या उंचीची, आणि तिच्यावर साठ-सत्तर जॉइंट. वितळलेले, कुजलेले, सैल सुटलेले. एक तर चक्क च्युइंगगमने चिकटवलेला. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी: ‘पुलाखालचा’, ‘शोरूमवाले’, ‘टकल्या’, ‘स्वतः मालक’. गिऱ्हाइकांचं बाक मुद्दाम तिच्यासमोर ठेवलेलं होतं, म्हणजे वाट बघता बघता माणसाला कळावं, की आपण आजवर कुठल्या कुठल्या गाढवांच्या हाती गाडी दिली. त्यांना मास्तर म्हणायचे ते काही ते कधी शाळेत शिकवत होते म्हणून नव्हे. त्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की चांगल्या बाप्या माणसालाही आपण गृहपाठ न करता आलोय असं वाटायचं, म्हणून.

फळीच्या मधोमध, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, एक काळा पडलेला जॉइंट एकटाच लटकत होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘धाकटा’.

मुलगी त्याच्याकडे बघत होती.

“हाच का तो?”

“हाच. तुझ्या वडिलांच्या गुडघ्याचा मारेकरी. नीट बघून घे.”

मोटारसायकल हीच होती. सहा वर्षांपूर्वी मुलीचे वडील पेट्रोल पंपातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला वळत असताना ती ऐन वळणावर बंद पडली. दिवा गेला, हॉर्न गेला, इंजिन गेलं, आणि मागून येणाऱ्या टेम्पोने त्यांना उडवलं. गुडघा तेव्हापासून वाकत नाही. गाडी हातगाडीवर घालून मास्तरांकडे आणली, कारण तिचं वायरिंगचं सगळं काम याच दुकानात व्हायचं. मास्तरांनी टाकी उतरवून भिंतीला टेकवली, हेडलाइट उघडला, चावीच्या मागचा काळाकुट्ट जॉइंट बघितला आणि दहा मिनिटांत निकाल दिला: जळालाय. तार अखंड आहे का ते वाजून सांगणारा मीटर लावायची गरज त्यांना वाटली नाही. मीटर त्यांच्या मते ज्यांना डोळे नाहीत त्यांच्यासाठी होता.

जॉइंट धाकट्या भावाचा होता. अठरा वर्षं दोघे भाऊ एकाच टेबलावर काम करत होते, आणि कोणतं काम कुणाचं हे आंधळ्यालाही हाताने सांगता आलं असतं. धाकटा प्रत्येक जॉइंट सोल्डर करायचा, म्हणजे वितळलेल्या कथलाने सांधायचा. मास्तर कधीच करत नसत. सोल्डर म्हणजे बोटांत जोर नसलेल्यांची काठी, असं ते चारचौघांत म्हणत. ते डाव्या हाताने तारा पाच वेळा पिळत, त्यांच्यावर मेण लावलेला दोरा आवळून बारीक गाठ मारत आणि वरून टेप गुंडाळत. तीही डावखुरी, उलट्या वळणाची.

त्या दिवशी दुकानासमोर अर्धी गल्ली जमली होती. धाकटा एवढंच म्हणाला होता, “दादा, निकाल नंतर दे. आधी टाकी भरून गाडी चालवून बघू.”

“का रे? करंट पेट्रोलवर चालतो वाटतं?” मास्तर म्हणाले, आणि अर्धी गल्ली हसली.

संध्याकाळी त्यांनी जॉइंटला चिठ्ठी बांधली. धाकट्याने आपली सोल्डरिंग गन फडक्यात गुंडाळली, खालच्या खणात ठेवली आणि जो गेला तो पुन्हा आला नाही. दुसरीकडे कुठे दुकानही टाकू शकला नाही. ज्याच्या जॉइंटने माणूस लंगडा झाला, त्याच्या हाती गाडी कोण देणार? हल्ली तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात बटणं दाबायचा. घर एकच, मधे प्लायवूडची भिंत. सहा वर्षं दोघा भावांचं बोलणं मास्तरांच्या बायकोमार्फत चाललं होतं, आणि तेही जिन्यातला दिवा आणि पाण्याचा नळ या दोनच विषयांवर.

“हं. आता तक्रार सांग,” मास्तर मुलीला म्हणाले. “थोडक्यात.”

मुलगी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळी घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, नळ्या थंड डब्यात घालायच्या आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. या कामासाठी तिने सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली वडिलांची गाडी बाहेर काढली होती. गाडी नाही तर नोकरी नाही, असं लॅबने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि गाडी चार महिन्यांत अकरा वेळा भर रस्त्यात बंद पडली होती. दोन-पाच मिनिटांनी, ढकलता ढकलता, आपली आपण सुरू व्हायची. चार मेकॅनिकांनी बॅटरी, कॉइल, प्लग आणि चावीचा स्विच असं सगळं नवं घालून दिलं होतं.

“आणि गाडी जुनीच राहिली,” मास्तर म्हणाले. “पार्ट बदलायला अक्कल लागत नाही. दुकान लागतं फक्त.”

मुलीने पिशवीतून वही काढली. “मी सगळं लिहून ठेवलंय. तारीख, वेळ, कुठे बंद पडली, बरोबर किती सामान होतं...”

“वा! गाडीची रोजनिशी.” मास्तरांनी वहीला हातही लावला नाही. “जेवली का, झोपली का, तेही लिहितेस ना?”

“पेट्रोल भरल्यावर जास्त होतं असं मला वाटतं, काका.”

“करंट पेट्रोलवर चालतो वाटतं?”

विनोद जुना होता, आणि आज हसायला गल्ली नव्हती. मुलगीही हसली नाही. तिने वही टेबलावर ठेवली.

“आमच्याकडे रक्त घ्यायच्या आधी नळीवर नाव चिकटवायचं नाही, असा नियम आहे,” ती म्हणाली. “म्हणून मी जे झालं तेवढंच लिहिलंय. कारणाचा रकाना मोकळा ठेवलाय. तो तुम्ही भरा.”

मास्तरांना हे उद्धट वाटलं. त्यांनी वहीवर पक्कड ठेवली.

मग ते कामाला लागले, आणि काम त्यांनी नेहमीसारखंच केलं. वायरिंग बघायचं म्हणजे आधी सीट काढायची, मग टाकी. टाकी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली, पेट्रोलसाठी एक बाटली नळीने जोडली आणि गाडी सुरू केली. ती तासभर घड्याळासारखी चालली. त्यांनी एकेक वायर ओढली, पिळली, झटकली. हॅंडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. चौकातल्याचं आणखी एक पाप सापडलं, टकल्याची दोन सापडली. टाकीखालून, लोखंडी दांड्याला धरून जाणाऱ्या मुख्य वायरीवर त्यांनी फक्त नजर टाकली. तिथे सगळं नीटनेटकं होतं. नीट कामाकडे ते बघत नसत. त्यांची नजर घाणीच्याच शोधात असायची.

“गाडी ठणठणीत आहे,” टाकी बसवून त्यांनी निकाल दिला. “तुझाच अंगठा लागत असेल बंद करायच्या बटणाला.”

“बटणाने इंजिन बंद होईल. हॉर्न आणि दिवा कसा जाईल?”

हे बरोबर होतं, म्हणून मास्तरांना जास्तच राग आला. “चार दिवस चालव. मग शिकव मला.”

ती चौथ्या दिवशी आली, आणि चालवत नाही तर ढकलत आली. बरोबर काठी टेकत तिचे वडील होते. थंड डब्यातल्या नळ्या लॅबने फेकून दिल्या होत्या, आणि ज्या सात जणांच्या त्या होत्या, त्यांना पुन्हा सुई टोचायला उद्या तिलाच जायचं होतं. वडील बाकावर बसले. वाकत नसलेला पाय त्यांनी हाताने उचलून समोर सरळ ठेवला आणि फळीकडे बघितलं. दुकानात आले की ते आधी फळीच्या मधोमध बघत, आणि बघून थुंकी गिळल्यासारखं करत.

“मास्तर, आता पुरे झालं,” ते म्हणाले. “उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. तुमच्या भावाने माझा एक पाय घेतला तेवढा बास. पोरीला मी या गाडीवर मरू देणार नाही.”

“पण बाबा, मास्तरांच्या भावाचा जॉइंट तर इथे लटकतोय,” मुलगी म्हणाली.

“मग?”

“म्हणजे सहा वर्षं तो गाडीत नाहीच ना. मग गाडी कशाने बंद पडते?”

मास्तर हातातला स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसत होते. ते पुसतच राहिले.

“तेव्हाचा बिघाड वेगळा होता,” ते म्हणाले. “आताचा वेगळा.”

“आणि दोन्ही वेळा पेट्रोल भरल्यावरच?”

“अगं, मोठ्या माणसांशी असं बोलतात का?” वडील तिच्यावर खेकसले. मग मास्तरांना म्हणाले, “सहा वर्षांपूर्वी तुम्ही निवाडा केलात. आमचं काही म्हणणं नाही. पण आता उद्यापर्यंत. नाहीतर भंगार.”

बापलेक गेल्यावर मास्तरांनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. वहीवरची पक्कड बाजूला केली. अक्षर अगदीच सुमार, असं त्यांच्या मनात आलं. ओळी वर चढलेल्या, शुद्धलेखनाचा खून पडलेला. अकरा नोंदी होत्या आणि आज सकाळची बारावी, पेन्सिलने. त्यांनी नाक मुरडत तारखा वाचल्या, वेळा वाचल्या, ठिकाणं वाचली. हॉस्पिटलचा रस्ता, शाळेचा कोपरा, पुलाचा चढ. काही मेळ लागत नव्हता. शेवटचा रकाना पेट्रोलचा होता. त्यात बाराच्या बारा वेळा एकच शब्द होता: फुल.

त्यांनी वही मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा तेच लिहिलेलं होतं.

समोरच्या पंपावर त्यांनी गाडी स्वतः ढकलत नेली. पंपावरच्या पोऱ्याने टाकी झाकणापर्यंत भरली. परत येऊन त्यांनी गाडी स्टँडवर लावली. हात सवयीने टाकीच्या नटाकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला. टाकी तशीच राहू दिली, चावी फिरवली, इंजिन सुरू केलं आणि हॉर्नवर अंगठा दाबून धरला. शेजारचा छत्रीवाला कान झाकून बाहेर आला. मास्तर गाडीवर बसले आणि रस्त्यातले खड्डे आठवून अंग खालीवर हिसडू लागले. या वयात ते दृश्य फार शोभेचं नव्हतं. छत्रीवाला हसला. आणि त्याच क्षणी हॉर्नचा आवाज तुटला, इंजिन मेलं, दिवा विझला.

मास्तरांनी हॉर्नवरचा अंगठा न काढता खाली उतरून टाकी एका बाजूने बोटभर उचलली. हॉर्न वाजला. टाकी सोडली, हॉर्न गप्प. त्यांनी हे चार वेळा केलं. टाकीखालचं रबर झिजून पापडासारखं झालं होतं. भरलेली टाकी आपल्या वजनाने खाली बसत होती आणि मुख्य वायर दाबत होती. अर्धी टाकी संपली की भार कमी व्हायचा आणि गाडी पुन्हा शहाणी. आणि आजवरचा प्रत्येक मेकॅनिक, चौकातला, टकल्या, शोरूमवाले, सगळे पहिलं काम काय करणार? टाकी काढणार. बिघाड टाकीबरोबर भिंतीला टेकवून ठेवायचा आणि मग तो गाडीत शोधत बसायचं.

“मूर्ख लेकाचे,” मास्तर म्हणाले. मग त्यांना आठवलं, चार दिवसांपूर्वी टाकी भिंतीला कुणी टेकवली होती. आणि सहा वर्षांपूर्वीही कुणी टेकवली होती. तेव्हा तर जॉइंट बदलल्यावर गाडी चालवून बघायलाच कुणी नव्हतं. मालक प्लास्टरमध्ये होता.

त्यांनी टाकीच्या खाली डावा हात घातला. जागा अरुंद होती; बोटं वायरीवरून चाचपडत पुढे सरकली. मधे जाड लागलं. जॉइंट होता. अंगठ्याखाली टेपमधून एक बारीक गाठ लागली.

हात त्यांनी बाहेर काढला नाही. ती गाठ पुन्हा एकदा चाचपली.

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो हा, की कुणीतरी हरामखोराने आपली नक्कल केली असणार. पण टाकी उतरवल्यावर टेप उलट्या वळणाची निघाली, आणि नक्कल करायला डावा हात कुठून आणणार? आठ वर्षांपूर्वी या गाडीची वायर उंदराने खाल्ली होती आणि ती आपणच जोडली होती, हेही मग आठवलं. त्यांनी जॉइंट कापून उजेडात आणला. टेप सोडवली. दोरा कुजून भुगा झाला होता. आतली तार हिरवी पडली होती, आणि ते पाच पीळ, ज्यांच्या जोरावर त्यांनी सोल्डरची आयुष्यभर टिंगल केली, चिमटीत धरले तर नुसते हलत होते. च्युइंगगमवाल्याचं काम याच्यापेक्षा बरं होतं.

“गाढव,” ते मोठ्याने म्हणाले. छत्रीवाल्याला वाटलं, आपल्यालाच.

मग ते फळीपाशी गेले. मधला जॉइंट खिळ्यावरून काढला, टेबलावर आणला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला मीटर लावला. मीटर वाजला. त्यांनी जॉइंट वाकवला, वाजला. दोन पकडींनी दोन्ही टोकं धरून ओढला, वाजतच राहिला. काळेपणा त्यांनी नखाने खरवडला. ती जळाल्याची काजळी नव्हतीच. ग्रीस आणि धूळ होती, हेडलाइटच्या डब्यात साठते तशी. खाली सोल्डर चांदीसारखा चमकत होता. त्यांनी आपल्या जॉइंटला मीटर लावला. वाजला. बोट लावलं, गप्प झाला.

खालच्या खणात फडकं होतं तसंच होतं. सोल्डरिंग गन तापायला वेळ लागला. मास्तरांना ती नीट धरताही येत नव्हती. पहिला थेंब टेबलावर पडला, दुसरा बोटावर. मुख्य वायरीचा नवा जॉइंट झाला तो ओबडधोबडच झाला. त्यांनी तो ओढून बघितला, मीटर लावून बघितला, पुन्हा ओढून बघितला. टाकीखाली नवं जाड रबर घातलं आणि भरल्या टाकीने गाडीवर बसून पुन्हा अंग हिसडलं. हॉर्नचा आवाज तुटला नाही.

मुलगी चार वाजता एकटीच आली. तिने भरल्या टाकीवर गाडी पुलापर्यंत नेली, शाळेच्या कोपऱ्यावरून वळवली आणि परत आणली. उतरताना तिचा चेहरा फुलला होता.

“काय होतं, काका?”

“टाकीखाली जॉइंट सुटला होता. टाकी भरली की दबायचा.”

“म्हणजे पेट्रोलचंच होतं!” मग तिचं लक्ष फळीकडे गेलं. “मधला कुठे गेला?”

“काढला.”

“आणि हा नवीन? याला चिठ्ठी नाही लावली?” टेबलावर दोन जॉइंट शेजारी शेजारी पडले होते. तिने वाकून बघितलं, पण हात लावला नाही. “कुणाचा आहे?”

मास्तर सोल्डरिंग गनची वायर गुंडाळत होते.

तिने वही उघडून पेन काढलं. “कारणाच्या रकान्यात काय लिहू? बाबा विचारतील.”

“आज काही लिहू नकोस,” मास्तर म्हणाले. “उद्या सांगतो.”

तिने रकाना मोकळा ठेवला आणि पेनाला टोपण लावलं.

पंपघर गावाच्या टोकाला होतं. मास्तर तिथे कधी गेले नव्हते. बटणं दाबायची जागा काय बघायची? आत दोन मोटारी घरघरत होत्या, एक स्टूल होतं, खिळ्याला रजिस्टर टांगलेलं होतं. दारात उभं राहून त्यांची नजर सवयीने भिंतीवरच्या पॅनेलकडे गेली आणि घाण शोधू लागली. वायरी रेघ मारल्यासारख्या सरळ होत्या, प्रत्येक टोक सोल्डर केलेलं. काही सापडलं नाही.

धाकटा स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होता. केस पिकले होते. ते मास्तरांना माहीत होतं. एकाच जिन्याने चढायचे दोघे. पण समोरून बघितले नव्हते.

“बोल,” तो म्हणाला.

“ती गाडी परत आली होती.”

“हो. वहिनी म्हणाली.”

“या वेळी टाकी भरून बघितली.”

मोटारींच्या आवाजात मास्तरांना वाटलं त्याला ऐकूच गेलं नाही, म्हणून ते एक पाऊल आत आले.

“पोरीला लागलं नाही ना कुठे?” धाकट्याने विचारलं.

“नाही.”

“बरं झालं.”

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून स्टुलाच्या कडेला उलगडला. धाकट्याने दोऱ्याच्या जॉइंटकडे क्षणभर बघितलं. नवीन काही बघितल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“टाकीखाली तुझा जॉइंट आहे, एवढं माहीत होतं. म्हणून टाकी भरायला सांगत होतो. निकाल तुझा तूच दिला असतास.”

“मग सांगायचं होतंस! सगळ्यांसमोर सांगायचं होतंस मला!”

“सगळ्यांसमोर कसं सांगणार?” धाकटा म्हणाला. “तू मोठा होतास.”

त्यांनी दुसरा जॉइंट उचलून पुढे केला. त्याची चिठ्ठी अजून लोंबत होती. “मीटर लावला आज. वाजतो.”

“तो वाजणारच.”

धाकट्याने जॉइंट घेतला. नखाने दोऱ्याची गाठ सोडवली, घाई न करता, तार ओरखडू नये अशी. जॉइंट शर्टाच्या खिशात टाकला. पुठ्ठ्याची चिठ्ठी दोन बोटांत धरून त्याने एकदा वाचली आणि मोठ्या भावापुढे केली.

“ही तुझी. अक्षर तुझं आहे.”

मास्तरांनी ती घेतली. फाडून टाकावी म्हणून दोन्ही हातांत धरली.

“फाडतोस कशाला?” धाकटा दोऱ्याचा जॉइंट त्यांच्याकडे सरकवत म्हणाला आणि उठला. “मागची बाजू कोरी आहे.”

पाच वाजले होते. त्याने एकामागून एक दोन्ही बटणं दाबली, मोटारी थांबल्या, आणि तो रजिस्टरात वेळ लिहायला वळला.